पात्याची लांबी

अवंतीच्या उजव्या अंगठ्यावर, पेराच्या आतल्या बाजूला, एक घट्टा होता. पूर्वी तो सहा मिलिमीटर रुंद होता, आता साडेतीन. तिने व्हर्नियरने तीनदा मोजून सरासरी काढली होती. गुलाबावर कलमाचा डोळा भरताना पातं फांदीतून सरकत अंगठ्याकडे येतं आणि बरोबर तिथे थांबतं. पस्तीस वर्षं ते तिथे थांबत आलं होतं. आता चौदा महिने चाकू देवासला पोलिसांच्या मालखान्यात होता, आणि कातडी आपल्या गतीने मऊ होत चालली होती.

हा आकडा तिने वहीत लिहिला. सांगायला कोणी नव्हतं. धारच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ती तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. प्राणिशास्त्राच्या जयाबरोबर ती दर हिवाळ्यात कॉलेजच्या बागेत कलमं करायची, ती जया मुलाकडे बंगळुरूला गेली. लग्न दोघींपैकी एकीनेच केलं होतं. मुंज तलावाच्या बाजूला दोन खोल्या आणि अठ्ठावीस कुंड्या, एवढाच अवंतीचा संसार.

मागच्या वर्षी नवरात्रात देवासहून तिच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला. अंगणातला गुलाब नुसताच वाढतोय, त्याच्यावर तुझा तो केशरी लावून दे. अवंतीने दोन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, घडीचा चाकू पर्समध्ये टाकला आणि इंदूरला बस बदलून देवासला उतरली. टेकडीवर देवीच्या दर्शनाला गर्दी, म्हणून स्टँडवर बॅगा तपासत होते. शिपाईबाईने चाकू बाहेर काढून विचारलं, ये क्या है? दुसरं कोणी असतं तर बागेचं सामान म्हणालं असतं. अवंती म्हणाली, चाकू.

हवालदाराने बोटांनी मापून आठ इंच सांगितलं. चुकीचं माप अवंतीला सहन होईना. तिने पर्समधली स्टीलची पट्टी काढली, उघडा चाकू तिच्यावर ठेवला आणि टोकापासून टोकापर्यंत सात इंच भरतो हे दाखवून दिलं. हवालदाराने खुशीने सात लिहिलं. पंचनामा तिने वरपासून खालपर्यंत वाचला. तारीख बरोबर, वेळ बरोबर, मुठीचा रंग बरोबर, सात बरोबर. तिने सही केली. त्या सातात पातं तीन इंचांचं आणि मूठ चार इंचांची, हे कागदावर कुठेच नव्हतं. पण ते कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची तिला सवय नव्हती.

वकील शंतनू अक्काच्या शेजारचा. घरी मराठी, कोर्टात हिंदी, आणि मराठी वाचायची वेळ आली की बोट ठेवून वाचणारा. सगळं ऐकून त्याने विचारलं,

“म्हणजे मावशी, पट्टीपण तुम्हीच दिली?”

“त्यांच्याकडे नव्हती.”

“अशी पार्टी मला पहिल्यांदाच मिळाली,” तो म्हणाला. “याच्यापेक्षा मोठा सुरा घेऊन माझी आई रोज कद्दू कापते.”

मग त्याने नीट समजावलं. या राज्यात बाहेर फिरताना सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार जवळ ठेवायला बंदी आहे. त्याच्या आतला, घरकामाचा, शेतीबागेचा चाकू कोणीही बाळगावा, तो गुन्हा नाही. कायदा मावशींच्या बाजूने होता, कागद नव्हता. आता दोन रस्ते. एक, गुन्हा कबूल करायचा. कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं, किरकोळ दंड, आणि विषय संपला. चाकू मात्र नष्ट होणार, आणि नावापुढे गुन्हेगार लागणार ते कायमचं. दुसरा, लढायचं. त्याला दोन-चार वर्षं जातील. कोर्टापुढे पातं मोजून घ्यायचं, आणि चाकू कशासाठी आणला होता ते सांगणारं माणूस उभं करायचं.

“अक्का सांगतील ना? गुलाब त्यांचाच.”

विचारते, असं अवंती म्हणाली होती. त्यानंतर सात तारखा पडल्या आणि प्रत्येक वेळी शंतनूने मुदत मागून घेतली.

तारखेच्या आदल्या दिवशी ती अक्काकडे मुक्कामाला यायची. अक्का तिच्या आवडीच्या तोंडल्याच्या काचऱ्या करायची आणि शेजारणींना सांगायची, धाकटी डोळे दाखवायला आलीये. कारखान्यातून निवृत्त झालेले अक्काचे यजमान मार्तंडराव जेवताना म्हणायचे, आपल्या घरातलं माणूस कोर्टात उभं राहत नाही, हो म्हणून मोकळी हो. अवंती जी भावोजी म्हणायची आणि भात कालवायची. अंगणातला गुलाब अजून जंगलीच होता. केशरीच्या काड्या ठाण्याच्या बाकावरच सुकून गेल्या होत्या. त्या गुलाबाबद्दल अक्का चकार शब्द काढत नव्हती.

अवंती वाट पाहत होती, की अक्का आपण होऊन म्हणेल, मी येते. विचारावं आणि ती नाही म्हणाली, तर दोन महिन्यांकाठी जेवायला जायचं एक घर होतं तेही जाणार. विचारलं नव्हतं तोवर ते शाबूत होतं. आणखी एक गोष्ट होती, ती तिने वहीतही लिहिली नव्हती. तारखेच्या दिवशी कोर्टाचा शिपाई दारात येऊन पुकारा करायचा, ‘अवंती पिता दत्तात्रय’. वडिलांच्या नावासकट तिला मोठ्याने हाक मारणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आठव्या तारखेच्या आधीच शंतनूने सांगून ठेवलं, आता साहेब मुदत देणार नाहीत. हो की नाही, तिथेच विचारतील. सकाळी अक्का ओट्याशी डबा भरत होती. मार्गशीर्षातला गुरुवार होता. संध्याकाळी पूजेला बायका येतील, कोणी विचारलं तर डोळ्यांचंच सांग, असं ती पाठ न वळवता म्हणाली.

अवंतीने चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात आली.

“अक्का, तू साक्ष द्यायला येशील? गुलाबासाठी बोलावलं होतं, एवढंच सांगायचं.”

अक्काचा हात पोळीवर थांबला.

“मी? अगं, मला कुठं धड आठवतंय, कधी बोलावलं न् कशाला.”

दर तारखेला ती डब्यात दोन पोळ्या घालायची, त्या दिवशी तिने चार घातल्या. दाबून झाकण लावलं आणि डबा अवंतीच्या हातात दिला. दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही.

कोर्टात साडेबाराला पुकारा झाला. शंतनूने मुद्देमाल पाहायला मिळावा असा अर्ज दिला होता, म्हणून कापडी पाकीट टेबलावर आलं. लाखेच्या मोहरा तपासून कोर्टाच्या बाबूने दोरा कापला. त्याने तो साध्या ब्लेडने कापला, हे अवंतीच्या नजरेतून सुटलं नाही.

चाकू उघडाच बांधून ठेवलेला होता. पात्यावर तपकिरी गंजाचे ठिपके, बिजागरीपाशी जवळजवळ सलग थर. मुठीच्या टोकाची, साल उचलायची हाडाची जीभ मधोमध तडकलेली. तेलाचा एक थेंब पुरला असता. इतके महिने तिला वाटत होतं, आपण काही ठरवत नाही म्हणजे सगळं आहे तसं थांबलेलं आहे. कापडाच्या आत दमट हवा आणि लोखंड आपलं काम करत राहिले होते.

शंतनूने पातं वेगळं मोजण्याची विनंती केली. मॅजिस्ट्रेट तरुण होते, समोर फायलींचा ढीग होता. मोजणी पुराव्याच्या वेळी होईल, आधी आरोपीचं म्हणणं येऊ दे, असं सांगून त्यांनी आरोप वाचून दाखवला. मग मान वर करून पाहिलं. समोर कॉटनची साडी, पांढरे केस, हातात जेवणाचा डबा.

“मैडम, अपराध स्वीकार है? स्वीकार कर लेंगी तो आज ही घर जा सकेंगी.”

शंतनू तिच्याकडे पाहत होता. घर म्हणजे कोणतं, हे अवंतीने क्षणभर मोजून पाहिलं. अठ्ठावीस कुंड्या होत्या. हिवाळ्याचे दोन महिने अजून बाकी होते. तिने डबा बाकावर ठेवला, आणि अंगठा तर्जनीवर दाबून उरलेला घट्टा चाचपला.

“स्वीकार नहीं है,” ती म्हणाली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, तोच आवाज होता. “गवाह मेरी तरफ से कोई नहीं आएगा, मैं अकेली ही आऊँगी, जितनी तारीख़ें पड़ें. चाकू मेरा है, और मुझे वापस चाहिए.”