दोन तास चाळीस मिनिटे

आमच्या उत्तर डकोटात हिमवादळ कशाला म्हणायचे हे आभाळ ठरवत नाही. ते हवामान कार्यालयातल्या एका हिरव्या पुस्तिकेत छापलेले आहे. वारा ताशी पस्तीस मैल, दृष्टी पाव मैलाच्या आत, आणि ही अवस्था सलग तीन तास. त्याहून कमी वेळात मेलेल्या माणसाला वादळात मेल्याचा मान मिळत नाही.

त्या कार्यालयात अंदाज लिहिणाऱ्या व्हर्ना हाउगस्टाडने डिसेंबरात दिलेला इशारा या कसोटीला दहा मिनिटांनी कमी पडला होता. त्यामुळे जानेवारीतल्या त्या मंगळवारी, सकाळी आठ वाजता, तिने नवा इशारा लिहून पुढे ठेवला तेव्हा कार्यालयप्रमुख क्लेटनने आधी खिडकीबाहेर पाहिले. आभाळ निळेशार होते.

“बर्फ कुठून पडणार आहे? तुझ्या पर्समधून?”

“पडायची गरजच नाही. शनिवारचा भुसभुशीत बर्फ शेतांत तसाच आहे. सीमेपलीकडे वारा पंचेचाळीसला पोचलाय. दहाच्या सुमारास इथे येईल आणि सगळं उचलेल.”

“किती वेळ?”

“तीन तास. कदाचित अडीच.”

“कदाचित! डिसेंबरात शाळा बंद पाडल्यास तू, आणि लोक दुकानात हसतात मला. नऊचा नकाशा येऊ दे, मग सही करतो.”

साडेआठला फोन वाजला. तिचा धाकटा भाऊ ऑर्लिन दूरदूरच्या शेतघरांवर टपाल पोचवी आणि निघण्यापूर्वी रोज तिला विचारी.

“ताई, निघू का? की घरी बसून बायकोची बोलणी खाऊ?”

जाहीर न झालेला अंदाज नातलगांना सांगू नये, हेही पुस्तिकेत होते. क्लेटन समोरच कॉफी ढवळत होता.

“इशारा लागलेला नाही,” ती म्हणाली. “अर्धा तास थांबलास तर...”

“टपाल थांबतं होय? इशारा नाही ना, मग झालं तर!”

नकाशा वीस मिनिटे उशिरा आला. क्लेटनने सुबक अक्षरात सही केली. नऊ चाळीसला रेडिओवर इशारा वाचला गेला, तेव्हा ऑर्लिन उघड्या माळावर बावीस मैल आत होता.

रुतलेली गाडी सोडायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण हे वादळ जमिनीलगतचे होते: गाडीचे नाक दिसत नव्हते आणि डोक्यावर ऊन होते. त्या पांढऱ्या लोटांच्या वर धान्याच्या कोठाराचे शिखर उन्हात, अगदी जवळ, तरंगत असणार. ऑर्लिन रुतलेली गाडी सोडून त्या दिशेने चालू लागला. मधले काटेरी तारेचे कुंपण लोटांच्या खाली होते. बुधवारी तो त्या तारेत अडकलेला सापडला, गाडीपासून दोनशे पावलांवर.

अंत्यविधीनंतर व्हर्ना कामावर आली तेव्हा क्लेटनने महिन्याचा अहवाल तयार ठेवला होता.

“विमानतळाच्या नोंदीत दृष्टी दोन तास चाळीस मिनिटंच बंद आहे,” तो हळुवारपणे म्हणाला. “म्हणजे हे हिमवादळ नव्हतं. ऑर्लिनला ‘थंडी व वारा’ या रकान्यात घातलंय. आणि चुकलेला इशारा माझ्या नावावर घेतो. तुला आणखी एक नको.”

“तो इशारा चुकला नव्हता,” व्हर्ना म्हणाली. “साडेआठला मी फोनवर जे बोलले, ते चुकलं. त्याला कुठला रकाना आहे?”

क्लेटनने चष्मा लावला आणि खरोखरच पुस्तिका उघडली.