राहिलेला ठोका

"बरोबर हाय," आबा ओसरीवरून म्हणाले, आणि चुलीपुढं बसलेल्या अयोध्याच्या हातातली भाकरी थापता थापता परातीतच फाटली.

काय बरोबर? कपाळ बरोबर! सुमीबाईंनी आत्ता वाजवून दाखवलेल्या ठेक्यात शेवटचा ठोकाच नव्हता.

सुमीबाईंचं खरं नाव सुमिए. बाई जपानची, वय साठीला टेकलेलं. मारिंबा नावाचं बैलगाडीएवढं लांब वाद्य वाजवण्यात जन्म गेलेला. वर शिसवीच्या पट्ट्या, खाली नळ्या, आणि वाजवायला एकेका हातात दोन-दोन काड्या. पुण्यात वर्षभर राहून त्या मराठी शिकल्या आणि तीन आठवड्यांपूर्वी तामलवाडीत बब्रुवान गोंधळ्याच्या, म्हणजे अयोध्याच्या वडलांच्या, आबांच्या दारात संबळ शिकायला येऊन बसल्या. उद्या धाराशिवच्या सभागृहात त्या आबांचा ठेका मारिंबावर वाजवणार होत्या. परवा जपानला परत. तिथं तोच ठेका त्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवायचा, असं त्यांचं पक्कं ठरलेलं.

आणि ठेका अर्धवट! दोन वर्षांमागं आबांना अर्धांगाचा झटका आला. बाकी अंग सावरलं, डावा हात मात्र सावरला नाही. बाकीचा ठेका ते उजव्यानं निभावून न्यायचे, पण संबळाच्या जोडीतल्या मोठ्या भांड्यावर डाव्या हातातल्या वाकड्या काडीनं पडायचा तो शेवटचा ठोका तेव्हापासून पडेना. पण म्हातारा महाबिलंदर! त्या जागेला मान अशी झोकात हलवायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, ठोका मुद्दाम सोडलाय. गाव फसलं. सुमीबाईही फसल्या. फसली नाही ती एकटी अयोध्या. त्रेचाळीस वर्षं तिनं तो ठेका भिंतीआडून ऐकला होता, आणि संबळाला बोट लावायची तिला परवानगी नव्हती.

सुमीबाई हात धुवायला मागं गेल्या तशी ती ओसरीवर आली.

"आबा, शेवटच्या ठोक्याचं सांगा की त्यांला."

"कसला ठोका?"

"कसला म्हंजे? समद्या देवांची नावं घिऊन बोलवायचं, अन् त्यो ठोका पडला की 'ये' म्हणायचं. तुमीच भाऊला शिकवत हुता न्हवं?"

भाऊ म्हणजे बजरंग. आता सोलापुरात नोकरीला. त्याला संबळ दिलं तर त्यानं ते माळ्यावर टाकलं.

"बाईमाणसानं संबळाच्या गोष्टी करू न्हाईत," आबा म्हणाले.

"मग सुमीबाई कोण हायत?"

"त्या पाव्हण्या हायत."

झालं! अयोध्याच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ती तरातरा आत गेली आणि पीठ असं मळू लागली, की परातीनंच माफी मागावी.

थोड्या वेळानं सुमीबाई चुलीपाशी येऊन पाटावर बसल्या. तिथं बसायला त्यांना आवडायचं.

"ताई, तुम्ही रागावलात?"

"न्हाय ओ. धूर गेला डोळ्यांत."

सुमीबाई हसल्या. "मी लहान होते. माझे गुरुजी म्हणाले, तुझे हात आखूड. मुलीला मारिंबा नाही जमणार. मग मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत वाजवायला शिकले. तरी वीस वर्षं मला वाद्यवृंदात सर्वांत मागं उभं केलं. शंभरपर्यंत मोजायचं आणि एक ठोका द्यायचा. चुकला तर सगळ्यांना कळतं. बरोबर पडला तर कुणालाच नाही."

"तुमच्याकडंबी असंच हाय व्हय?" अयोध्याचे हात थांबले.

"सगळीकडे." सुमीबाईंनी वही उघडली. काळ्या टिंबांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लाल शाईनं काढलेलं एक रिकामं वर्तुळ. "ही जागा बघा. इथं आबा थांबतात. इतकी सुंदर शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. जपानमध्ये मी मुलांना आधी हीच शिकवणार."

अयोध्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाई, ती शांतता न्हाय, त्यो आमच्या आबांचा लुळा हात हाय. एवढ्यात बाहेर आबा खाकरले. नेहमीचा खोकला नव्हता तो. ती पुन्हा भाकरी थापू लागली. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगितलं तर म्हाताऱ्याचा मोडका हात वहीत जाऊन बसणार. नाही सांगितलं तर पाच पिढ्यांचा ठेका जन्मभर लंगडणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह गच्च भरलं. आबांना पहिल्या रांगेत बसवलं, फेटा बांधला, शाल घातली. शेजारी अयोध्या, मांडीवर भाकरीचा स्टीलचा डबा. रेकॉर्डिंगसाठी चार माईक लावलेले.

सुमीबाई आल्या, वाकून आबांना नमस्कार केला आणि सुरू झाल्या. लाकडाला असा आवाज असतो हे अयोध्याला ठाऊकच नव्हतं. आबांचा ठेका, अगदी आबांच्याच चालीनं, पट्ट्यांवरून पळत होता. बाईसुद्धा पळत होत्या, या टोकाकडून त्या टोकाकडं. पहिली फेरी संपत आली. अयोध्याची मनातल्या मनात देवांची नावं घेऊन झाली आणि सुमीबाईंनी मान झोकात हलवली. हुबेहूब आबांसारखी!

रिकामं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या फेरीला ती जागा आली आणि तिच्या बोटानं तिला न विचारताच डब्याच्या झाकणावर ठोका दिला. टण्! नेमका, जिथं पडायचा तिथंच.

आबांचा अधू डावा हात सरपटत येऊन तिच्या बोटांवर पडला.

"लोकं बघत्यात," ते दातओठ खाऊन पुटपुटले.

"बघू द्या. म्या न्हाय दिला तर कुणी द्यायचा, आबा?"

आबांनी हात काढला नाही. तिसरी फेरी आली. जागा आली आणि गेली, आणि मग अयोध्याला जाणवलं की आबांचं बोट तिच्या बोटावर आपटलं. ते स्वतः ठोका द्यायला बघत होते. उशीर झाला होता. चांगला दोन मात्रा उशीर.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला रडू फुटलं असतं.

चौथी फेरी सुरू झाली. देवांची नावं एकेक करून येत राहिली. शेवटचं नाव संपायच्या आधी आबांनी तिच्या बोटांवरून हात उचलला.

अयोध्यानं ठोका दिला. मोठ्यानं.

मंचावर सुमीबाईंनी चटकन मान वर केली, पण काड्या थांबवल्या नाहीत. आबा समोर बघत ताठ बसले होते. डावा हात त्यांनी शालीखाली झाकून घेतला होता.