कोठीमागे दहापर्यंत

मी एक विमान बोलतोय. लगेच मान वर करून मला आकाशात शोधू नका. सध्या मी लेस्टर ट्वायफर्डच्या शेडमध्ये, तुळईला ठोकलेल्या दोन खिळ्यांवर टांगलेला आहे. माझ्या खाली रंगाचे वाळलेले डबे आहेत आणि गवत कापायचं एक यंत्र आहे. ते यंत्र येत्या शनिवारी दुरुस्त व्हायचं आहे. असे शनिवार मी पुष्कळ पाहिले.

माझ्यात कोणी बसत नाही. माझं सगळं वजन चार अंड्यांइतकं. अंगात बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्या, वर पतंगाच्या कागदाहून पातळ कागद, आणि पोटात रबराच्या पट्ट्यांची एक जुडी. तिला एरंडेल चोळायचं, भरपूर पीळ द्यायचा आणि मला सोडायचं. पीळ उलगडेपर्यंत पंखा फिरतो, मी वर चढतो. त्यानंतर मी आणि हवा. मला दोरी नाही, तार नाही, खालून हुकूम सोडणारं यंत्र नाही. पोरांच्या बाबतीत आईबापांना जे फार उशिरा कळतं, ते माझ्या मालकाला हात सुटताक्षणी कळतं: आता आपल्या हातात काही नाही.

माझा जन्म नोरीनच्या जेवणाच्या टेबलावर झाला. नोरीन म्हणजे लेस्टरची बायको. तो अख्खा हिवाळा दोघं ताटल्या मांडीवर घेऊन जेवली. "हे टेबल माझ्या आईने लग्नात दिलं होतं, लेस्टर," ती म्हणायची. "विमानतळ नव्हता दिला." पण कागद ताणून बसवताना एक कोपरा तीच धरायची, आणि लेस्टरपेक्षा नीट धरायची.

मी लेस्टरचं शेवटचं विमान आहे, हे मला तिथेच कळलं. त्याच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट ठिपका बसला होता आणि तो दर महिन्याला थोडा पसरत होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझ्या शेवटच्या काड्या त्याने बोटांनी चाचपून चिकटवल्या. हे कोणाला सांगायचं नाही, असं नवराबायकोत ठरलं होतं.

कूराबिलच्या माळावर दर ईस्टरला आमची शर्यत भरते. गहू कापून झालेला असतो, चारी बाजूंना पिवळी धसकटं, आणि दूर रेल्वेच्या कडेला गव्हाची उंच सिमेंटची कोठी. माणसं थोडी, माश्या अगणित. बक्षीस म्हणजे एक चेपका चषक. त्यावर आयव्हर पास्कोचं नाव इतक्या वेळा कोरलंय की आता खालच्या लाकडावर कोरावं लागतं. लेस्टरचं एकदाही नाही. तरुणपणापासून तो आयव्हरच्या मागे दुसरा येत आलेला माणूस. तसा दुसरा नंबर काही वाईट नसतो, असं पहिले आलेले लोक सांगतात.

त्या सकाळी लेस्टरने चहाच्या तंबूत चहा कपाऐवजी साखरेच्या भांड्यात ओतला. सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि आज चहा फक्कड झालाय म्हणून सांगितलं. हा चहा लक्षात ठेवा, पुढे तो महाग पडला.

दुपार कलेपर्यंत बाकी सगळे गळाले आणि दोघंच बरोबरीत उरले, आयव्हर आणि लेस्टर. आता एकच उड्डाण, जो जास्त वेळ हवेत राहील तो जिंकला. आधी आयव्हरचं विमान गेलं आणि दणदणीत वेळ करून उतरलं. आमच्याकडची रीत अशी, की ज्याचं उतरलं त्याने दुसऱ्याची वेळ मोजायची. म्हणजे माझी वेळ आयव्हरच मोजणार. दुर्बिणीतून विमान दिसतंय तोवर घड्याळ चालू. दिसेनासं झालं की दहा अंक मोजायचे. तेवढ्यात पुन्हा दिसलं तर वेळ पुढे चालू, नाहीतर दिसेनासं झालं त्या क्षणाला खेळ खलास.

"काच पुसून ठेवलीय रे लेस्टर," आयव्हर दुर्बीण गळ्यात अडकवत म्हणाला. "दुसरा येणारा माणूस मला कसा स्वच्छ दिसला पाहिजे."

"माझ्याकडे नको, विमानाकडे बघ. मला बघून बघून तुझीच तब्येत बिघडलीय."

लेस्टरने मला पीळ दिला. एक फेरा जास्त झाला तर रबर तुटतं आणि आतून माझी हाडं मोडतं. माझं अंग कडकड वाजत होतं. मग तो मला डोक्यावर धरून उभा राहिला. इतर लोक काठीला बांधलेल्या चकचकीत फितीकडे बघतात. फीत उंच उडाली की ऊन हवेचा फुगा वर चढतोय, तेव्हाच सोडायचं. लेस्टरला फीत दिसत नव्हती. तो मानेवरच्या घामाने हवा ओळखत होता. घाम वाळेनासा झाला की फुगा आला.

पाठीवर माझं छोटं घड्याळ असतं. सोडण्याआधी त्याची कळ दाबायची. ठरलेली वेळ झाली की ते माझी शेपूट उचलतं आणि मी अलगद खाली बसतो. नाहीतर ऊन हवा मला कुठे नेऊन टाकेल त्याचा नेम नाही. दरवेळी नोरीन बाजूला उभी राहून म्हणायची, "घड्याळ," आणि लेस्टर कळ दाबायचा. पण त्या दिवशी वारा ऐनवेळी फिरला. मला शोधून आणायचं काम तिचं, म्हणून ती गाडी घेऊन रेल्वेच्या दिशेने आधीच निघून गेली होती.

त्याच्या मानेवरची हवा थांबली. त्याच्या बोटांतून मला ते कळलं. आणि त्याने मला सोडलं.

कळ न दाबता.

अनाडी माणसाच्या हातून ही चूक होत नाही. तो आधी कळ दाबतो आणि भलत्या हवेत सोडतो. हवा जीव तोडून ओळखणाऱ्यालाच कळेचा विसर पडतो.

मी वर गेलो तो असा, की मला माझीच भीती वाटली. पीळ संपला, पंख्याची पाती मिटली, तरी फुगा मला वर वरच नेत होता. खाली काय बोलणं झालं ते मी नंतर इतक्यांदा ऐकलंय की तिथेच होतो असं सांगायला हरकत नाही.

"लेस्टर, कळ दाबलीस?" आयव्हरने विचारलं.

लेस्टरचा हात हवेतच राहिला. "नाही."

"मग गेलं ते."

"दिसतंय का?"

"दिसतंय."

लेस्टरला नुसतं निळं दिसत होतं. बाकीच्यांकडे दुर्बिणी नव्हत्या. माझं असणं-नसणं आता एका माणसाच्या शब्दावर होतं, आणि मी जितका दिसत राहीन तितका तोच माणूस हरणार होता.

रेल्वेजवळ फुगा विरला. मी झपाट्याने उतरू लागलो. समोर कोठी. मी तिच्या मागे शिरलो तेव्हा आयव्हरची वेळ गाठायला थोडकीच कसर होती.

"कोठीमागे गेलं," आयव्हर म्हणाला आणि मोठ्याने मोजू लागला. "एक. दोन. तीन."

तिकडे सांडलेल्या गव्हावर गुलाबी काकाकुव्यांचा थवा बसला होता. मला बघून सगळा थवा किंचाळत उठला. एकाने माझ्या डाव्या पंखाच्या टोकाला चोच घातली. कागद फाटला, टोकाची काडी मोडली, मी तिरपा झालो. हवेत सावरायला मला हात नाहीत.

"सात. आठ."

लेस्टरने डोळे मिटले होते. तसाही फरक नव्हता.

"नऊ... निघालं! बाहेर निघालं! डावं टोक लोंबतंय. त्या हलकट पाखरांनी धरलं वाटतं."

मी तसाच लंगडत पुढे गेलो. आयव्हरची वेळ मागे पडली, मग मी झाडांत शिरलो. पुन्हा दहा मोजून आयव्हरने दुर्बीण खाली केली आणि म्हणाला, "जिंकलास, म्हाताऱ्या."

टाळ्या पडल्या, पण त्या मऊ पडल्या. आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तशा. लेस्टरने त्या ओळखल्या.

"सकाळी तुम्ही सगळे बिनसाखरेचा चहा प्यायलात," तो म्हणाला. "मला दिसत नसेल, पण चमचे वाजले नाहीत एवढं ऐकू येतं. पास्को, हाही तसलाच चहा आहे का?"

"जे दिसलं ते सांगितलं."

"नेमकं नऊ मोजताना? आणि वर पाखरं, लोंबतं टोक! खोटं बोलणाराच एवढी नक्षी काढतो."

"तुला खूश करायला मी स्वतः हरेन? एवढा तू मला आवडत नाहीस, लेस्टर."

"चषक तुझ्याच गाडीत टाक. मला भीक नको."

आयव्हरचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा हरला, आणि वर खोटारडा ठरला. दोघं पाठ करून उभे राहिले. मध्ये टेबलावर तो चेपका चषक, आणि त्यावर माश्या.

ऊन उतरता उतरता नोरीनची गाडी आली. रेल्वेपलीकडच्या झुडपात मी तिला सापडलो होतो. या भांडणाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने मला लेस्टरच्या हातात दिलं.

"घड्याळ विसरलास ना? मी नसले की एक काम धड होत नाही. आणि ह्या पंखाला काय झालंय बघ. पीस अडकलंय ह्यात, गुलाबी."

लेस्टरची बोटं माझ्यावरून सरकली. उजवा पंख, मधला सांधा, मग डावा. टोकाशी ती थांबली. फाटलेला कागद, मोडकी काडी, मऊ पीस.

"पास्को," तो म्हणाला, "काकाकुवा होता का रे?"

"मला काय माहीत?" आयव्हर पाठमोराच म्हणाला. "मी तर नक्षी काढत होतो."

"इकडे ये. चहा ओततो तुला."

"तू नको ओतू. नोरीनला ओतू दे."

त्या दिवशी माळावर पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने हसलं. तो लेस्टर होता.

चषक आता घरात आहे आणि मी इथे. फाटका पंख लेस्टर कोणाला जोडू देत नाही. आयव्हर दर रविवारी येतो, दोघं खाली खुर्च्या टाकून बसतात, आणि लेस्टर काठीने माझं डावं टोक चाचपून बघतो. पुरावा आहे म्हणे. अहो, निकाल लागल्यावर कोर्टसुद्धा पुरावे परत करतं! फाटक्या पंखाने लोंबत राहायला मी काय हरणाचं शिंग आहे?

नोरीनने जुळणारा कागद आणून कपाटात ठेवलाय. लेस्टर, तिला तो चिकटवू दे. पुढच्या ईस्टरला ती मला डोक्यावर धरेल. मानेवरची हवा तिला अजून कळत नाही. ती तू ओळख. तू तिच्या शेजारी उभा राहा, आणि ती मला सोडायच्या आत, या वेळी तू म्हण: "घड्याळ."