कोकीच्या बाजारातला खेकडा

माझ्या धाकट्या भावाचं, लेदिमोचं, लग्न झालं त्या वर्षी मी खोबरं वाहणाऱ्या बोटीवर कामाला लागलो. निघालो तेव्हा लग्नात कापलेल्या डुकरांचे जबडे अजून घराच्या वाशाला टांगलेले होते आणि आत आई खोकत होती. तिचा खोकला मला पार होडीपर्यंत ऐकू आला. बोट रबाउल बंदराला गेली, मानुस बेटाला गेली, परत रबाउलला आली आणि इंजिन बिघडून तिथेच पडून राहिली. गावात टेलिफोन नव्हता. पाऊस सरला, आग्नेयेचा वारा सुटला, तोही उतरायला लागला, तेव्हा कुठे आम्ही पोर्ट मोर्सबीच्या धक्क्याला लागलो. गावाकडची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मधला एक दिवस शहरात काढायचा होता.

धक्क्यावर सिनेलाताई आणि दाजी आले होते. ताईला शहरात दिलेली. दाजींचं नाव हितोलो, ते इथलेच, पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या घरात वाढलेले. ताईने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. एरवी ती भेटल्या भेटल्या माझं काहीतरी काढते, काळा पडलास, नाक तेवढं उरलं. त्या दिवशी एक टोमणा नाही. दाजींची बडबड मात्र थांबेना. बोटीवर तुला दोरखंड उकडून घालत होते काय, म्हणाले, आणि त्यावर स्वतःच हसले.

मी विचारलं, "आई कशी आहे?"

"आधी खा," ताई म्हणाली.

समुद्रावरून आलेल्या माणसाला आमच्याकडे रिकाम्या पोटी काही सांगत नाहीत. मरणाची बातमी तर त्याचे पाय गावच्या वाळूला लागेपर्यंत सांगायचीच नसते. वाटेत सांगितली तर माणूस अर्धाच घरी पोचतो, असं म्हातारे म्हणायचे. 'आधी खा' हे तसं आम्ही रोजच म्हणतो. पण ताई ते माझ्याकडे न बघता म्हणाली होती.

कोकीच्या बाजारापर्यंत चालताना माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. आई गेली असेल तर ताई सांगणार नाही, मारलं तरी सांगणार नाही. मग सुचलं. माणूस गेलं की जवळची माणसं त्याच्या आवडीचं खाणं सोडतात, त्याच्या नावाचं मोठं जेवण होईपर्यंत. गावात केसही उतरवतात, अंगाला कोळसा फासतात. शहरात कामावर जावं लागतं, तिथे ते जमत नाही. सोडलेलं खाणं तेवढं राहतं. ताईच्या तोंडून काही निघणार नव्हतं, पण तिच्या पानावर दिसलं असतं.

बाजार भरात होता. बोटीवर सगळे महिने डब्यातले मासे आणि भात खाल्लेल्या माणसाला तो वासच पोटात ओढत होता. निखाऱ्यावर बांगडे तडतडत होते. नारळाच्या दुधात कच्ची केळी शिजत होती, वर कांद्याची पात. मी कुठेच नीट थांबेना. इथून एक मासा उचलला, तिथे रताळं, उभ्या उभ्या खाल्लं, बोटं भाजली. दाजी म्हणाले, "अरे, बाजार पळून जात नाही, तूच पळतोयस."

आईला दात थोडे राहिले होते. केळं घालून पानात शिजवलेल्या साबूच्या वड्या हा तिचा जीव होता. वड्या विकणारी म्हातारी दिसली तशी मी तिच्यापुढे बसलोच. तिघांपुरत्या घेतल्या, ताईचं पान मी स्वतः उलगडून दिलं आणि तिच्या हाताकडे बघत राहिलो. वडी चिकट, गरम, वर नारळाचा रस ओघळत होता. ताईने ती उचलली आणि खाल्ली. मग दुसरी घेतली, बोटं चाटली.

म्हणजे आई जिवंत होती. माझ्या पाठीतला दोर कुणी तरी सैल केला. मी पाच-सहा वड्या खाल्ल्या असतील. म्हातारी म्हणाली, हा कुठल्या तुरुंगातून सुटला? दाजींनी सांगितलं की तुरुंगात जेवण बरं असतं, हा बोटीवर होता.

मग मामा आठवला. मामाला भाजलेली माकुलं लागायची. तीही घेतली. ताईने खाल्ली. आता मला गप्प बसता आलं असतं. सुपारी आणि चुना घेऊन आम्ही समुद्राकडच्या बाजूने निघालो. खेकड्यांची रांग लागायच्या अलीकडेच ताई डावीकडे वळली, भाजीवाल्यांच्या मधून, लांबच्या वाटेने. कोकीला येऊन खेकड्यांकडे पाठ कोण फिरवतं? मी म्हटलं, या खेकड्यासाठी तर मी रबाउलमध्ये जीव धरून होतो. दाजी म्हणाले, ऊन फार झालंय, घरी चला. ऊन त्यांना कधीपासून लागायला लागलं, असं मी विचारलं आणि एकटाच मागे वळलो.

खाडीतला काळा खेकडा मिळाला, वेलीने बांधलेला, नांग्या मनगटाएवढ्या. एका बाईचा हंडा उकळत होता, तिने त्यातच सोडला. लाल होऊन बाहेर आला तोवर ती दोघं पानावर शिजवलेली केळी घेऊन बाकावर येऊन बसली होती. मी कवच फोडलं, मोठी नांगी ताईच्या पानावर ठेवली, दुसरी दाजींच्या.

"मला हल्ली खेकडा सोसत नाही," दाजी म्हणाले. "अंगाला खाज सुटते."

लग्नात याच माणसाने दोन खेकडे संपवून तिसऱ्यावरून लेदिमोशी भांडण काढलं होतं. लेदिमो नांग्या दगडाने फोडायचा नाही, दातांनीच फोडायचा. नवरी बाजूला बसलेली, आणि हा तोंडाला गर फासून हसतोय. खेकडा समोर असला की बायकोलाही विसरेल, असं मामा म्हणाला होता.

ताईच्या पानावर नांगीचा रस पसरत केळ्यांकडे चालला होता. तिने बोटाने केळी पलीकडे सरकवली.

त्याचा मी विचारच केला नव्हता. आईचा केला, मामाचा केला. तरण्या माणसाचा कुणी करतं का?

मी तोंडात घातलेला घास तसाच धरून बसलो. नाव घेता येत नव्हतं. गेलेल्याचं नाव ते मोठं जेवण होईपर्यंत घ्यायचं नसतं. मी एवढंच म्हटलं, "धाकटा?"

दाजी पाणी आणतो म्हणून उठले. पाणी समोर होतं.

ताईने दोन्ही नांग्या उचलून माझ्या पानावर ठेवल्या, हात पुसले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "खा," ती म्हणाली. "उद्यापासून तुलाही नाही. आज कुणी तुला काही सांगितलेलं नाही."

मी खाल्लं. नांगी दगडाने फोडली नाही. गर गोड होता, खाडीच्या मिठाचा. माझा एक दात हलला. ताई शेवटपर्यंत समोर बसून राहिली आणि मी संपवल्यावर कवचं गोळा करून स्वतः समुद्रात टाकून आली.

दुसऱ्या दिवशी गावच्या वाळूवर उतरलो तेव्हा आईच पुढे आली, डोक्यावरचे केस उतरवलेली, आणि तिने गळा काढून सांगितलं. मी तेव्हाच ऐकल्यासारखा खाली बसलो.

आई पुढे पुष्कळ वर्षं जगली. लेदिमो त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात खाडीच्या तोंडाशी होडी उलटून मेला. तो खेकड्यांचे सापळे काढायला गेला होता.