जरनैलाने मागवलेली यादी

पाकिस्तानातून पत्र यायचं टिकारामला आणि झोप उडायची श्यामराव पोस्टमास्तरांची.

पवनीच्या खालच्या अंगाला, वैनगंगेला चिकटून बसलेलं खैरघाट. तिथलं पोस्ट ते केवढं? श्यामरावांच्याच ओसरीवरचं एक टेबल, एक शिक्का आणि कुलपाची एक पेटी. त्या टेबलावर मनिऑर्डरी येत, लग्नपत्रिका येत, मरणाची बातमी सांगणारं कोपरा फाडलेलं कार्ड येई. आणि वर्षातून एकदा रावळपिंडीचा शिक्का मारलेला लिफाफा येई. श्यामराव तो मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांनी उचलत.

टिकाराम फौजेतून नायक होऊन परतलेला धानाचा शेतकरी. एकाहत्तरच्या लढाईनंतर जबलपूरकडे पाकिस्तानी कैद्यांची छावणी होती, तिथे तो पहाऱ्यावर होता. कैद्यांत इनायत नावाचा एक कर्नल होता. तो सुटून आपल्या देशी गेला, पुढे जनरल झाला आणि आपल्याला पत्र लिहितो, असं टिकाराम सगळ्यांना मोकळेपणी सांगे. तो लपवत नव्हता, हेच श्यामरावांना जास्त खटके. चोर आपल्या हाताने पेटी उघडून दाखवतो तेव्हा माल दुसरीकडे असतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

टिकारामच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर हा जनरल मोठा अजब माणूस. त्याने बंदुकीपेक्षा होड्याच जास्त चालवल्या. सत्तर साली पूर्व पाकिस्तानात समुद्रातून वादळ आलं, गावंच्या गावं वाहून गेली, तेव्हा मदतीच्या तुकडीवर तो होता. पुढे सुटून गेल्यावर तिकडे पूर आला की त्यालाच धाडत, डोंगर हलला की त्यालाच. बरोबरीचे साहेब मोठमोठ्या पलटणी सांभाळू लागले आणि याच्या वाट्याला चिखल. लोक त्याला पानीवाला जरनैल म्हणत. ऐकणारे माना डोलावत. श्यामराव मात्र मनात म्हणत, शत्रूचा जनरल आणि दयाळू? मग मांजर माळकरी व्हायला काय हरकत आहे.

त्र्याऐंशीच्या श्रावणात या संशयाला खत-पाणी दोन्ही मिळालं. जनरलचं पत्र आलं आणि आठच दिवसांत टिकाराम वही घेऊन गावात दारोदार फिरू लागला. घरच्या पुरुषाशी तो बोलत नसे. सरळ रांधणीच्या दाराशी उभा राहून बाईला विचारी, काल रात्री तुमच्या चुलीवर किती जणांचं शिजलं? मग घाटावर जाऊन डोमा ढिवराचे डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, मोजले, नदीपासून शाळेच्या टेकडीपर्यंत पावलं टाकली आणि सगळं लिहून काढलं. जाडजूड लिफाफा पोस्टाच्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, रावळपिंडी.

श्यामरावांनी हसून तिकिटं लावली, शिक्काही मारला. टिकाराम वळणावर दिसेनासा झाला तसा लिफाफा थैलीत न जाता पेटीच्या तळाशी गेला. दुपारी चहाच्या भांड्याच्या वाफेवर तो उघडला. अक्षरं इंग्रजी, पण भाषा इंग्रजी नव्हे.  सांकेतिक! मग एकेक शब्द ओठांनी जुळवत गेले तेव्हा कळलं की ही साधी हिंदी आहे, जुन्या फौजेत शिकवत तशी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. जनरलला देवनागरी येत नाही आणि टिकारामला उर्दू, म्हणून दोघांचा हा मधला रस्ता.

तरी मजकूर काय होता? गावात चुली एकशे बारा. कोणत्या चुलीवर किती माणसं. डोंगे चार, त्यातला एक गळका. हेराला आणखी काय हवं असतं? पण श्यामरावांची नजर अडकली ती चाळिसाव्या ओळीवर. पोस्टमास्तरचं घर, चुली दोन. पुढची, माणसं पाच. मागची, रंभाबाई, माणूस एक.

रंभाबाई म्हणजे श्यामरावांची आई. सुनेशी, म्हणजे निर्मलाबाईशी, तिचं दोन वर्षांपूर्वी बिनसलं आणि तिने परसातल्या खोलीत स्वतःची चूल मांडली. गावाला ठाऊक होतंच, पण श्यामराव चारचौघांत कायम म्हणत, आमची चूल एक. सरकारी माणसाने आई वेगळी काढली असं कोणी म्हणू नये. आणि या गद्दाराने ते थेट रावळपिंडीला कळवलं होतं! देशाचा राग आणि घराचा राग त्यांच्या पोटात असा कालवला गेला की कोणता कोणता ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. गुरुवारी पवनीला जाऊन लिफाफा फौजदाराच्या हातात द्यायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं.

बुधवारी सकाळी वैनगंगा गावात शिरली.

दोन दिवस वर कुठेतरी कोसळत होतं. न्याहारीच्या वेळेला पाणी मारोतीच्या पाराला लागलं आणि दुपारपर्यंत खालची आळी छपरापर्यंत बुडाली. लोक पोरंबाळं, कोंबड्या, धानाची पोती घेऊन शाळेच्या टेकडीकडे पळाले. श्यामरावांनी आधी पोस्टाची थैली, पेटी आणि शिक्का उचलला. सरकारचा माल आधी. निर्मलाबाई मुलांना घेऊन पुढे गेली होती.

शाळेत तलाठी मतदारयादी घेऊन एकेक घर पुकारू लागला. पोस्टमास्तरचं घर? निर्मलाबाई सवयीने म्हणाली, आमचे सगळे आले. तलाठ्याने खूण केली. शेवटी त्याने जाहीर केलं की गाव पूर्ण आलं, आता डोंगा पाण्यात घालायचं काम नाही. डोमानेही मान हलवली. चारपैकी तीन डोंगे वाहून गेले होते आणि उरलेला आणखी एकच फेरी मारू शकला असता. तासाभरात धार इतकी वाढणार होती की मग कोणाची हिंमत नव्हती.

टिकाराम मात्र तलाठ्यापुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, घर नोका मोजू, चूल मोजा," तो म्हणाला. "जेवाले चूलबंद आवतण देतो तवा आपण काय करतो? दर चुलीले जाऊन इचारतो, पत्रावळी किती. एका घरात दोन चुली असल्या तर दोन आवतणं. घर इचारलं का एक चूल म्हणते ते दुसरीसंग आली असन, अन् दुसरी म्हणते पयलीसंग."

कैदी असताना कर्नलने त्याला सत्तरच्या वादळाची गोष्ट सांगितली होती. वादळात याद्यांवरची सगळी नावं जुळली होती आणि तरी पाणी ओसरल्यावर माणसं सापडत राहिली, कारण ती कोणाच्या यादीवर नव्हतीच. तेव्हा टिकारामने त्याला चूलबंद आवतणाची रीत सांगितली, आणि तीच त्याने तिकडे जन्मभर चालवली. आता निवृत्त होण्याआधी त्याला ती नियमात घालायची होती. नमुन्याला एका गावाची पुरी यादी हवी होती, म्हणून हा सगळा खटाटोप.

"माही यादी असती तर आत्ता कळलं असतं," टिकाराम म्हणाला. "पण वही घरात बुडाली अन् यादी चार दिवसांआधीच पोस्टात टाकली."

श्यामरावांना आपल्या मागच्या चुलीची ओळ आठवली. त्यांनी शाळाभर नजर फिरवली. निर्मलाबाईला विचारलं, आई कुठे? ती म्हणाली, धुरपताबाईसोबत आली असेल. रंभाबाईची जन्माची मैत्रीण धुरपता भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, मले वाटलं तुमीच आणलं.

लिफाफा पेटीतच होता. तो बाहेर काढायचा म्हणजे आपण टपाल अडवलं, फोडलं, वाचलं, हे भर गावात कबूल करायचं. नोकरी जाईल, कदाचित बेडीही पडेल. न काढता नुसतं आई राहिली म्हणता आलं असतं, आणि श्यामरावांच्या मनात ते आलंसुद्धा. पण आणखी कोणाची मागची चूल राहिली असेल तर? त्यांनी कुलूप उघडलं.

"टिकारामजी, तुमची यादी गेली नाही. मी फोडली," ते म्हणाले. "आमच्या घरी चुली दोन हायेत. मागची राहिली."

 टिकारामने तो उघडा लिफाफा पाहिला, श्यामरावांकडे पाहिलं आणि यादी घेऊन चुली पुकारू लागला. एकशे बारांत दोन चुली गप्प राहिल्या. एक रंभाबाईची आणि एक बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या तुलारामची. डोमाने डोंगा सोडला, टिकाराम पुढे बसला. श्यामराव उडी मारायला निघाले तर टिकारामने हातानेच अडवलं. एका माणसाची जागा म्हणजे एक माणूस कमी येणार.

ते तासभर श्यामराव टेकडीच्या कडेला उभे होते. रडत होते आणि कोणी समजूत घालायला आलं नाही.

डोंगा आला तेव्हा त्यात तुलाराम होता आणि भिजून गोळा झालेली रंभाबाई. ती परसातल्या माळ्यावर छपराचे कवेलू सारून डोकं बाहेर काढून बसली होती. मुलगा बोलवायला येईल म्हणून सकाळपासून वाट पाहत होती. डोंग्यात तिने विचारलं होतं, तुले कोनं धाडलं? टिकारामने सांगितलं होतं, मास्तरानं. हे श्यामरावांना डोमाकडून कळलं आणि त्यांना शिवी खाल्ल्यापेक्षा जास्त लागलं.

पाणी ओसरलं. गावाने तक्रार केली नाही, पण पोस्टात येणारा माणूस आता पत्र टाकताना दोनदा पाही. पंधरा दिवसांनी टिकाराम नवी यादी घेऊन आला. लिफाफा उघडाच होता.

"वाचून घ्या मास्तर," तो म्हणाला, "मंग चिटकवा."

श्यामरावांनी मान वर केली नाही. पण चाळिसावी ओळ त्यांनी वाचली. ती होती तशीच होती.

"आता एक लिहा ना," ते हळूच म्हणाले.

"झाली का एक?"

परसातून धूर येत होता. रंभाबाईने ओली लाकडं फुंकून आपली चूल कालच पुन्हा पेटवली होती. श्यामराव बोलावायला गेले होते, पण तिने पाठ फिरवली होती.

"नाही," श्यामराव म्हणाले.

"मंग दोनच राहू द्या. खोटी यादी पाण्यात कामाची नाही."

श्यामरावांनी डिंकाचं बोट फिरवलं, लिफाफा बंद केला आणि टिकारामच्या डोळ्यांदेखत थैलीत टाकला.