बिनसाखरेच्या सहा डझन

आमच्या गावात कुणी तुमच्या हातचं खाऊन ‘वेगळंच लागतंय हं’ असं म्हटलं, की समजावं, पदार्थ पार बिघडलाय. उत्तर मिनेसोटातली माणसं आम्ही, तोंडावर वाईट बोलणं आमच्या जिवावर येतं. पण ऐकणाऱ्यालाही अर्थ ठाऊक असतो, त्यामुळे आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते ओर्फा टॉलेफसनच्या वेळी, आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटा माझा, म्हणजे आर्डिस ब्राटलीचा होता.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या चर्चच्या तळघरात कुकीजची अदलाबदल होते. प्रत्येकीने एकाच प्रकारच्या सहा डझन आणायच्या आणि सगळ्यांच्या मिळून सहा डझन घरी न्यायच्या. यादी मी ठेवते, गेली एकोणीस वर्षं. कुणाचा प्रकार कुणी घ्यायचा नाही हा नियम. आमच्याकडे बाई लग्नात आडनाव बदलते, पण कुकी बदलत नाही. लव्हॉन स्किओनस्बीच्या आल्याच्या, माझ्या वेलदोड्याच्या, ओर्फाच्या लोण्याच्या. ओर्फाच्या त्या लोण्याच्या कुकीज जिभेवर ठेवल्या की विरघळायच्या. बायका माझ्या डोळ्यांदेखत आपल्या डब्यात तिच्या दोन-दोन जास्त सरकवायच्या आणि मी दिसलंच नाही असं करायची.

चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, वर्लिनला, साखरेचा आजार निघाला. वर्षभरात डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. त्या शरद ऋतूत ओर्फाचा फोन आला. “आर्डिस, लोण्याच्या कुकीजपुढचं माझं नाव खोड. चॉकलेट लिही. बिनसाखरेच्या.” मी म्हटलं, “अगं, तुझ्या लोण्याच्या म्हणजे...” ती म्हणाली, “एकोणचाळीस वर्षं तो ती टेबलं वाहून खाली नेतोय. तिथं त्याला खाता येईल असं एक तरी काही नको का?” मी खोडलं. खोडताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू.

तर त्या पहिल्या बिनसाखरेच्या कुकीज. दिसायला कोटाच्या बटणासारख्या, चावल्या की दातांखाली वाळू, आणि गिळल्यावर तोंड असं गार पडायचं, जणू टूथपेस्ट खाल्ली. आम्ही ‘वेगळ्याच आहेत हं’ म्हणालो असतो, तर ओर्फाला तिथल्या तिथे कळलं असतं. पण वर्लिनच्या गेलेल्या बोटाची आम्हाला दया आली आणि आम्ही चक्क खोटं बोललो. “साखर नाही हे सांगूनसुद्धा खरं वाटत नाही!” हे मी म्हटलं. लव्हॉनने तर कृती मागून घेतली. भोळ्या ओर्फाने दुसऱ्या वर्षीही तशाच केल्या, सहा डझन, मन लावून.

दुसऱ्या वर्षीच्या माझ्या वाट्याच्या बारा मी गॅरेजमागे पक्ष्यांच्या फळीवर ठेवल्या. टाकल्या असं म्हणवत नव्हतं, म्हणून ठेवल्या. मग बर्फ पडला आणि मी विसरून गेले.

मार्च अखेरीस बर्फ वितळला. माझा नवरा गेल्यापासून हिवाळ्यासाठी लावलेल्या जादा खिडक्या उतरवायला वर्लिनच येतो. शिडी आणायला तो गॅरेजमागे गेला आणि बराच वेळ परत आला नाही, म्हणून मी गेले. फळीवर बाराच्या बारा कुकीज ओळीने, जशा ठेवल्या तशा.

“या ओर्फाच्या ना?” त्याने विचारलं.

“पक्ष्यांनाही नाताळ असतो, वर्लिन,” मी म्हटलं.

“हो. पण एकानेही चोच लावलेली दिसत नाही.”

त्याने सगळ्या खिडक्या उतरवल्या, पुसल्या, तळघरात नेऊन ठेवल्या आणि कॉफी न घेता गेला. आमच्याकडे माणूस कॉफी न घेता गेला म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑक्टोबरात ओर्फा माझ्याकडे आली. कोटसुद्धा न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांचं जेवण रांधणारी बाई, सहसा हात टेकत नाही.

“वर्लिन म्हणतो, यंदा टेबलं लावायला येणार नाही. वर म्हणतो, तूही जाऊ नकोस. का ते सांगत नाही. पाय दुखतोय म्हणावं तर परवा छपरावर चढला होता. आर्डिस, तो माणसांतून उठला तर खुर्चीत बसून बसून संपेल गं. त्याच्या भावाचं तसंच झालं.”

मी उठून कॉफी ओतली. कप तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. फळी, बर्फ, बाराच्या बारा.

ओर्फाने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, परत घातला.

“खारींनीही नाही?”

“नाही.”

“खार तर आमच्या दाराचा रंग खाते.” मग ती म्हणाली, “आता चव सांग. खरी.”

“अगं, तशी काही...”

“आर्डिस! शाळेतली पोरं माझ्यादेखत घास थुंकून टाकायची. म्हणून मी शिकले. तुम्ही सगळ्या जाणत्या बायका, दोन वर्षं मला फसवत राहिलात. आणि तो घरी रोज दोन खातो आणि म्हणतो, छान. नवरा खोटारडा आणि मैत्रीण त्याच्याहून खोटारडी. बोल आता.”

मी डोळे मिटले आणि बोलले. वाळू. टूथपेस्ट. कोटाचं बटण. माझे कान तापले होते. ओर्फाने पर्समधून पेन्सिल काढली आणि ते लिहून घेतलं! रडणं नाही, रुसणं नाही. दुसरी कुणी असती तर माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नसतं. हिने विचारलं, “वाळू पहिल्या घासाला की शेवटी?”

त्या मंगळवारपासून ती माझ्याच घरी भट्टी पेटवायला लागली, म्हणजे वर्लिनला कळायला नको. माझं काम एकच, खायचं आणि खरं बोलायचं. तुम्हाला सांगते, अडुसष्टाव्या वर्षी ते शिकणं सोपं नाही. पहिल्या मंगळवारी मी ‘बरी आहे’ म्हटलं, तर तिने ताटली उचलून सरळ कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. “बरी म्हणजे वाईट. पुढे?”

साखरेऐवजीची पावडर तिने मिक्सरमधून काढून पिठासारखी बारीक केली, वाळू गेली. मग अर्धी पावडर बदलून दुसरी आणली, तोंडाचं गार पडणं कमी झालं. मैद्याच्या जागी बदामाचं पीठ आलं, तर कुकीज हातात घेताच भुगा. अंड्याचा एक पिवळा बलक जास्त घातला, तर केकासारख्या फुगल्या. मी तोंड वाकडं केलं की ती खूश व्हायची, वहीत लिहायची, ओट्याकडे वळायची. बाईच्या चिकाटीला माझा मनोमन नमस्कार होता. पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती, कौतुक केलं की ती ओरडायची.

सातव्या मंगळवारी ती भट्टीसमोर स्टुलावर बसून होती. एकदम म्हणाली, “मी बावळट आहे. मी आपली गोड करायला धडपडतेय. ह्या चॉकलेटच्या आहेत ना? मग चॉकलेट कुठंय?” तिने लोणी कढईत तांबूस होईस्तोवर परतलं, पातेलीत उरलेली काळी कॉफी आटवून त्यात ओतली, बिनसाखरेचं कडू चॉकलेट बोटाएवढे तुकडे करून ढकललं, हेझलनट भाजून घातले, वर चिमूट चिमूट मीठ. पावडर निम्म्यावर आणली. त्या भट्टीतून निघाल्या तेव्हा मी एक खाल्ली. मग दुसरी खाल्ली. तिसरीला हात घातला तेव्हा ओर्फाने वही मिटली.

“वर्लिनला दिलीस का?” पुढच्या मंगळवारी मी विचारलं.

“दिली. म्हणाला, छान. वाळूलाही छानच म्हणायचा. त्याच्या जिभेवर माझा भरवसा राहिलेला नाही.”

मग मी वर्लिनकडे गेले. तो गॅरेजमध्ये बर्फ उडवायच्या यंत्राला तेल घालत होता.

“वर्लिन, त्या बारा मी ठेवल्या होत्या. मला लाज वाटते.”

तो बाहेर बघत म्हणाला, “बर्फ पडेल असं दिसतंय.”

“पडेलच.”

त्याने हात पुसले. “यंदा टेबलं किती?”

“नऊ.”

“टेबलं लावतो. पण बसणार नाही. तुम्ही तिच्या तोंडावर गोड बोलता आणि ती खरं मानून हसते. माझ्याच्याने ते बघवत नाही, आर्डिस.”

घरी येऊन यादी काढली आणि ठरवलं, प्रत्येकीची एक ताटली आधी चाखायला मांडतात, त्यांवर यंदा नावं नकोत. लव्हॉनचा तासाभरात फोन. “एकोणीस वर्षं नावं असतात, आता काय झालं? माझ्या आल्याच्या कुकीज कुणी दुसरीच्या समजलं तर?” मी म्हटलं, “लव्हॉन, तुझ्या आल्याचा वास पार्किंगपर्यंत येतो, काळजी करू नकोस.”

शनिवारी वर्लिनने लंगडत नऊ टेबलं खाली नेली. मग कोट न काढता कोटांच्या दांडीपाशी भिंतीला टेकून उभा राहिला. ओर्फा स्वयंपाकघरात कॉफी गाळत होती. बायका ताटल्यांभोवती फिरायला लागल्या. मी यादी हातात धरून उभी होते, पण माझं लक्ष एकाच ताटलीवर. काळपट, तडकलेल्या, वर मिठाचे दाणे. लव्हॉनने एक उचलली, खाल्ली. आणखी एक उचलली. मान वळवून कुणाशी तरी आपल्या सुनेबद्दल बोलत राहिली आणि खात राहिली.

वर्लिनही बघत होता. त्याला ती ताटली कुणाची ते ठाऊक होतं, डबे त्यानेच गाडीत ठेवले होते. तो भिंतीपासून बाजूला झाला, हळूहळू टेबलापाशी आला आणि ताटलीकडे हात नेला.

चटकन लव्हॉनने त्याच्या मनगटावर चापट मारली.

“वर्लिन टॉलेफसन! शरम नाही वाटत? एक बोट घालवलंस, आता उरलेली नऊही घालवायचीत?” तिने ताटली उचलून छातीशी धरली. तोंड भरलेलं होतं, तरी सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, “ओर्फा! बाहेर ये गं! हा बघ साखरेच्या खातोय! त्याच्या त्या बिनसाखरेच्या कुठे ठेवल्यास?”

ओर्फा कॉफीची किटली घेऊन दारात आली होती, तिथेच थांबली. आमच्या गावात एवढं खरं कुणी कुणाबद्दल बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

वर्लिन आधी लव्हॉनकडे बघत राहिला, मग बायकोकडे. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. मग खरोखरच रडायला लागला.

“तुझ्या तोंडात आहेत, लव्हॉन,” तो म्हणाला.

त्याने कोट काढला, खुर्ची ओढली आणि बसला.