बंद दारामागचा दिवा

लिफ्टकाकांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट अडकली की लोक आधी मोटारीला दोष देतात, मग दोराला, मग सरकारला, आणि दहातल्या नऊ वेळा दुखणं असतं दारात. दार नीट लागलं नाही, किंवा लागलं तरी लिफ्टला ते कळलं नाही, की ती जागची हलत नाही. हे काकांनी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं, की नुसतं 'दार' म्हटलं तरी काकू हात जोडायच्या.

पण निवृत्तीला सहा वर्षं झाली होती आणि मिक्सर प्रकरणानंतर त्यांची घरातली पत पार घसरली होती. मिक्सर त्यांनीच दुरुस्त केला होता. सुरू केल्याबरोबर झाकण उडालं आणि चार टोमॅटो छताला जाऊन चिकटले. डाग अजून होता. त्याच दिवशी मुलाने हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली, शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली आणि म्हणाला, "बाबा, आता आराम करा." तेव्हापासून काका आराम करत होते. म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसून तो कुठे कुरकुरतोय का, हे ऐकत होते.

अशात फ्रिज बिघडला. अठरा वर्षांचा, दोन दारांचा, वर बर्फाचा छोटा कप्पा आणि खाली मोठा. वर बर्फ होत होता, खाली मात्र सकाळचं दूध संध्याकाळी नासत होतं.

"भाज्या मलूल पडतात," काकूंनी मुलाला सांगितलं. "लोणी वितळतं. पाहुण्यांसाठी आणलेल्या सरबताचा तर रंगसुद्धा उडाला. दिवसेंदिवस फिकटच होत चाललंय."

सरबताचा विषय निघाला तेव्हा काका वर्तमानपत्रात फारच रंगून गेले होते.

फ्रिजवाला आला. दार उघडून आत डोकावला, मागे कान लावला आणि पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळा झाला. "मशीन थकलंय. दिवसभर धापा टाकतंय बघा. एवढ्या जुन्यावर हात घालण्यात अर्थ नाही, नवीनच घ्या."

"मी एकदा बघू का?" काकांनी विचारलं.

मुलाने फक्त मान वर करून छताकडे पाहिलं. नवीन फ्रिज बुधवारी चार वाजता येणार होता आणि आणणारी माणसं जुना उचलून नेणार होती.

बुधवारी सकाळी नऊला मुलगा कामावर गेला. काका फ्रिजसमोर स्टूल टाकून बसले. खरं तर त्यांना फ्रिजचं एवढं दुःख नव्हतं. या घरात आपल्या हातांना आता काही काम उरलं नाही, यावर आज चार वाजता शिक्कामोर्तब होणार होतं, आणि ते त्यांना सोसवत नव्हतं.

"अगं, वर बर्फ होतोय ना?" ते काकूंना म्हणाले.

"होतोय की."

"मग मशीन थकलं कसं? गारवा तयार होतोय, पण खाली येत नाहीये. वरच्या मजल्यावर माणसं खोळंबलीत आणि लिफ्टच हलत नाहीये! वर एक पंखा असतो, तो गार हवा खाली ढकलतो. तो फिरत नसणार. आणि का फिरत नसणार?"

काकूंनी हात जोडले. "दार. सांगा पटकन, माझी आमटी उकळतेय."

"दार उघडलं की दिवा लागतो आणि पंखा थांबतो. दार लावलं की दिवा जातो आणि पंखा फिरतो. दोन्ही एकाच बटणावर. फ्रिजला दार लागल्याचं कळतच नसेल तर?"

"पण लागलेल्या दाराआड दिवा चालू आहे की बंद, ते दिसणार कसं?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता. फ्रिजवाला आला तेव्हा दार उघडं, म्हणून दिवा चालू आणि पंखा बंद. सगळं जिथल्या तिथे. चोरी व्हायची ती दार लावल्यावर. काकांनी घड्याळ लावून अर्धा तास दाराला हात लावला नाही. मग झटकन दार उघडलं आणि थेट दिव्यालाच बोटं लावली.

"आई गं!"

"भाजलं?"

"भाजलं!" काका लहान मुलासारखे हसले. "अगं, भाजलं! अर्धा तास आत दिवा पेटलेला होता!"

त्यांनी चौकटीतलं पांढरं बटण दाबून पाहिलं. दिवा गेला नाही. बटण आत जात होतं, पण लोण्यात बोट घालावं तसं, गुपचूप. टक् असा आवाज नाही. काकांनी आधी फ्रिजची पिन काढली. पेटी माळ्यावर, म्हणून लोणी लावायची सुरी घेतली आणि काकूंनी बॅटरी धरली. बटणाची डबी पहिल्या झटक्यात बाहेर आली. मागची कुठली तार कुठे हे त्यांनी हातावर पेनाने लिहून ठेवलं आणि डबी वाटीभर कोमट पाण्यात टाकली.

पाणी हळूहळू गुलाबी झालं.

काकांनी त्या पाण्याकडे पाहिलं आणि वाटी काकूंकडे पाठ करून धरली. तीन आठवड्यांपूर्वीची दुपार. काकू झोपलेल्या. डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलेलं, आणि फ्रिजच्या दारात लाल सरबताची बाटली. काका तिथेच उभ्या उभ्या तोंड लावून पीत होते, तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. हात हलला, चौकटीवरून ओघळ गेला आणि त्यांनी तो बनियनने घाईघाईत पुसला. चौकटीवरचं पुसलं गेलं. बटणाच्या आत गेलेलं पाक होऊन सुकलं.

म्हणजे फ्रिज मारला कुणी, तर त्याला तपासायला बसलेल्या खुद्द काकांनीच.

वाटी त्यांनी मोरीत ओतली. काकू आमटीकडे वळल्या होत्या, निदान तसं वाटलं. डबी तीनदा धुतली, पुसली, खिडकीत तासभर उन्हात वाळवली आणि पुन्हा बसवली. पिन लावली. बटण दाबलं.

टक्! दिवा गेला आणि वरच्या कप्प्यामागे पंखा घरघरला. एकतीस वर्षांत कितीतरी लिफ्ट त्यांनी चालू केल्या होत्या, पण असा आनंद त्यांना पहिल्या लिफ्टनंतर झाला नव्हता. त्यांनी स्टीलच्या पेल्यात पाणी भरून खालच्या कप्प्यात ठेवलं, दार लावलं आणि पहारा बसवला. काकूंनी कोथिंबीर मागितली तर म्हणाले, "चारनंतर."

चार वाजता मुलगा घाईघाईने आला. पाठोपाठ नवा फ्रिज घेऊन दोन हमाल दारात उभे राहिले, घामाने निथळत.

"थांबा," काका म्हणाले आणि आतला पेला मुलाच्या हातात दिला.

मुलाने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, गाल धरला. "दात शिवशिवले की! चालू झाला? कसा?"

"दाराचं बटण."

"पण त्याला झालं काय होतं? नेमकं सांगा, बाबा. आठ दिवसांनी परत बिघडला तर? कारण माहीत नसेल तर मी हा नवीन परत पाठवणार नाही."

मुद्दा बिनतोड होता. असा प्रश्न काकांनीच आयुष्यभर हाताखालच्या लोकांना विचारला होता. त्यांनी हमालांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, छतावरच्या डागाकडे पाहिलं. गप्प राहिलं तर फ्रिज जाणार. बोललं तर अब्रू जाणार.

"आत सरबत गेलं होतं," ते म्हणाले. "मी सांडलं. चोरून पीत होतो."

हमाल हसले. मुलगा डोळे फाडून बघत राहिला. काकू मात्र शांत होत्या.

"एकदाचं बोललात," त्या म्हणाल्या. "बाटली तेवढीच राहते आणि रंग तेवढा उडतो, हे मला कळत नाही होय? पाणी भरून भरून पार गुलाबजल केलंत त्याचं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगताय का ते बघत होते."

काकूंनी उरलेलं सरबत फ्रिजमधल्या गार पाण्यात ओतलं आणि दोन मोठे पेले हमालांना दिले. बाटली निथळवून रिकामी केली. काकांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत पाहिलं.

हमाल नवा फ्रिज घेऊन परत उतरले. मुलगा शेजाऱ्यांकडे गेला आणि शिडी घेऊन आला. माळ्यावरून धुळीने माखलेली पेटी खाली उतरवली, बाहीने पुसली आणि काकांच्या मांडीवर ठेवली. तिच्यावर मिक्सर ठेवला.

"झाकणाचं बघा," तो म्हणाला. "मी धरतो."